पहिली पंगत पैलवनाची

एका जंगलात एक नदी होती, की एका नदीला दोन जंगलं होती, यावर तिथे अजून भांडण चालू आहे. ते मिटायची वाट बघत बसलो तर आपली गोष्ट राहून जाईल. म्हणून मुलांनो, आपण दोन जंगलं धरू. नदीच्या अलीकडचं ते ऐलवन आणि पलीकडचं ते पैलवन.

ऐलवन म्हणजे आपलं घरचं जंगल. तिथे धूळ होती, काटे होते, गोचीड होते आणि ठिपकोजीराव नावाचा एक बिबट्या होता. पैलवनात यातलं काहीच नव्हतं. तिथे हिरवळ होती आणि हिरवळीवर गुबगुबीत मेंढ्या होत्या. त्या पाणी प्यायलासुद्धा रांग लावत. ऐलवनातले प्राणी काठावर उभे राहून ती रांग बघत आणि म्हणत, "व्वा! याला म्हणतात जंगल!" मग वळून एकमेकांना ढुशा देत पाणी पीत.

या ऐलवनात सगुणाबाई राहत होती. सगुणाबाई भेकर होती. भेकर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुमच्या पुस्तकात सगळ्यांना नुसतं 'हरीण' म्हणून मोकळे होतात. भेकर हे शेळीएवढं हरीण. दिसायला अगदी गरीब. पण बिबट्याची चाहूल लागली की ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते भुंकणं दोन टेकड्या ओलांडून जातं.

सगुणाबाई भुंकली की ऐलवन पळायचं. तिची आई भुंकायची तेव्हाही पळायचं, आजी भुंकायची तेव्हाही. या कामाबद्दल तिला कुणी कधी 'बरं झालं हो' असंही म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण असं म्हणतं? तुम्ही तरी म्हणता का आईला? तिचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं.

अडलं ते कान गेल्यावर. आधी डावा गेला, मग उजवा. कोणी कानाशी तोंड आणून ओरडलं तर ऐकू येई, बाकी सगळं शांत. नाक अजून तेज होतं, पण नाकाचं काम वाऱ्याच्या मर्जीवर. वारा उलटा असला तर बिबट्या शेपटीपर्यंत आला तरी नाकाला पत्ता लागायचा नाही. पाचोळा वाजलेला ऐकू येत नसेल तर भेकराने जगायचं कसं? पाणवठ्यावर मान खाली घालायची तिला भीती वाटू लागली. दोन घोट घेतले की मान वर, पुन्हा दोन घोट, पुन्हा मान वर. अशाने तहान भागत नाही. सगुणाबाई कायम तहानलेलीच राहू लागली.

आता हुप्पाजी येतो. हुप्पाजी हा वानर. सगुणाबाईच्या दारातल्या उंबरावर लहानाचा मोठा झालेला. पिल्लू असताना तो त्या उंबरावरून धपकन पडला होता, तेव्हा तिनेच त्याला चाटून चाटून शुद्धीवर आणलं होतं. ती त्याला हुप्प्या म्हणे. तो तिला मावशी म्हणे. पोरगा हुशार होता. फांदीवर कमी आणि विचारात जास्त बसायचा.

एके दिवशी तो तिच्या कानात ओरडला, "मावशी, मी एक डबा बनवतोय! गळ्यात बांधायचा. त्याला नाक आहे, कान आहे. बिबट्या जवळ आला की डबा थरथरणार, वरच्या पाटीवर अक्षरं उमटणार आणि आतून तुमच्या आवाजात भुंकणार. नाव ठेवलंय चाहूल!"

सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. थरथरणारा डबा! ऐकायची गरजच नाही. मान खाली घालून पोटभर पाणी पिता येईल.

"पहिला डबा कुणाला रे?" तिने विचारलं.

"तुम्हाला, मावशी. तुमच्याच गळ्यात. या उंबराची शपथ!"

मग सबंध उन्हाळा चाचण्या चालल्या. कुठे? अर्थात ऐलवनात. पैलवनात बिबट्या कुठून आणणार? डबा कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा, त्याला ठिपकोजीरावांच्या वाटेत उभं करायचं आणि हुप्पाजीने वर बसून टिपणं घ्यायची. पहिल्या डब्याने बिबट्या येऊन गेल्यावर इशारा दिला. त्यात एक ससा गेला. दुसरा डबा मोर दिसल्यावर बोंबलत सुटला आणि ठिपकोजीराव आल्यावर चिडीचूप. त्यात एक चौसिंगा गेला. गेला म्हणजे पैलवनाला नव्हे, मुलांनो. पुढे प्रत्येक चाहूलच्या बुडाशी 'ऐलवनवासीयांच्या सहकार्याबद्दल आभार' असं छापण्यात आलं. ते वाचायला डबा उलटा करावा लागत असे.

सगुणाबाई अकरा दिवस डब्यात भुंकली. बिबट्या लांब असतानाचं भुंकणं, जवळ असतानाचं, अगदी अंगावर आल्यावरचं. तिचा घसा सुजला. बाराव्या दिवशी हुप्पाजी काकदंडे वकिलांना घेऊन आला. हे वकील म्हणजे कावळे. त्यांनी चोचीतून पळसाचं एक पान पुढे केलं. ऐलवनात सगळा कागदोपत्री कारभार पळसाच्या पानावर चाले. त्यावर लिहिलं होतं की सदर भुंकणं यापुढे हुप्पाजीच्या कंपनीच्या मालकीचं राहील.

"म्हणजे काय रे हुप्प्या?"

"काही नाही हो मावशी. रीत असते."

रीत म्हटल्यावर सगुणाबाईने पुढचा विचार केला नाही. पानावर खूर उमटवला.

पावसाळा सरला आणि बातमी आली. चाहूल तयार झाली! येत्या पौर्णिमेला तिचं उद्‌घाटन! पैलवनात!

सगळं ऐलवन नदीकाठी जमलं. पलीकडे मांडव होता, पताका होत्या, आणि मध्ये आपला हुप्पाजी दोन पायांवर ताठ उभा होता. त्याने एक डबा वर धरला आणि कळ दाबली. पाण्यावरून सगुणाबाईचं भुंकणं आलं. खणखणीत!

ऐलवनातले निम्मे प्राणी सवयीने पळत सुटले. मग लाजून परत आले आणि टाळ्या वाजवू लागले. "आपल्या मातीतला आवाज!" ते म्हणाले. "आपलं भुंकणं पैलवनाला गेलं!" रोहीबाई नावाची एक नीलगाय होती, तिला तर हुंदका आवरेना. तिची लेक पैलवनात दिलेली होती, त्यामुळे तिकडच्या कुठल्याही गोष्टीने तिला भरून यायचं.

सगुणाबाईला अर्थातच काही ऐकू आलं नाही. सगळे तिच्याकडे बघून हसतायत म्हणून तीही हसली. मग वाट बघत राहिली. डबे पैलवनातच वाटले गेले. मेंढ्यांनी रांग लावून घेतले.

आठवड्याने हुप्पाजी आपलं सामान न्यायला अलीकडे आला तेव्हा सगुणाबाईने त्याला गाठलं. "अरे, माझा डबा?"

हुप्पाजी हसला. सभोवती सगळे जमले होते. तिच्या कानाशी तोंड आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे पंगत बसली की आधी कुणाला वाढता?"

"पाहुण्यांना."

"आणि घरचे?"

"शेवटी."

"झालं तर मग! पहिली पंगत पैलवनाची. आपण घरचे!"

सगळ्या ऐलवनाच्या माना डोलल्या. मुलांनो, इथे तुम्हाला ऐलवनची पंगत समजली पाहिजे, नाहीतर हे सगळे मूर्ख होते असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. ते नुसते चांगल्या वळणाचे होते. मोहाच्या फुलांची खीर केली की पाहुण्यांना आग्रह करकरून वाढायची. घरच्यांनी द्रोण घेऊन धावायचं. दुसरी पंगत शेजाऱ्यांची, तिसरी शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांची. शेवटी घरचे बसायचे तेव्हा खरवड उरलेली असायची. ती खाऊन सगळ्यांनी ढेकर द्यायचा आणि 'आज खीर काय झाली होती!' म्हणायचं. जो आधी द्रोण पुढे करील तो हावरट. त्याच्या पोरांची लग्नं जमत नसत.

तरी सगुणाबाईने धीर केला. "पण हुप्प्या, पैलवनात बिबट्या कुठाय?"

"म्हणूनच तर चाहूल तिथे उत्तम चालते," हुप्पाजी म्हणाला. "एकही तक्रार नाही."

 पिकतं तिथं विकत नाही हे खरं, पण निदान तिथल्याला चाखायला तरी मिळतं. इथे तेही नव्हतं. काकदंडे वकिलांनी सांगितलं, "पानावर नाव नोंदवून ठेवा. ऐलवनचा टप्पा लवकरच." सगुणाबाईने नाव नोंदवलं. तिचा नंबर आला चार हजार तीनशे अकरा. सबंध ऐलवनात प्राणी मोजून नऊशे होते. बाकीचे कोण, हे तिने विचारलं नाही. हावरट दिसलं असतं.

पैलवनातून बातम्या येत राहिल्या. तिथल्या मेंढ्या म्हणे गळ्यात चाहूल बांधून सकाळी फिरायला जातात. शेजारीण न कळवता घरी आली की डबा थरथरतो. फार उपयोगी वस्तू, असं त्यांचं मत होतं.

इकडे सगुणाबाई दोन दोन घोट पाणी पीत होती.

एका दुपारी वारा तिच्याकडे वळला आणि नाकात तो वास शिरला. उग्र, ओलसर, ओळखीचा. ठिपकोजीराव! ती मान वर करून भुंकली. सगळं ऐलवन पळालं, सगळे वाचले. ठिपकोजीराव शेपूट आपटत उपाशी परत गेले.

संध्याकाळी काकदंडे वकील पळसाचं पान घेऊन हजर. 'आपण आज दुपारी कंपनीच्या मालकीचं भुंकणं विनापरवाना वापरलं. ऐलवनात ही सेवा अद्याप सुरू झालेली नाही. पुन्हा असं घडल्यास यादीतून नाव काढण्यात येईल.'

सगुणाबाईने ते पान चार वेळा वाचलं. यादीतून नाव गेलं तर डबा गेला. डबा गेला तर एक ना एक दिवस आपण गेलो. तिने तोंड मिटलं. पुढच्या खेपेला वास आला तेव्हाही तिने ते मिटूनच ठेवलं, आणि धावत जाऊन एकेकाला डोक्याने ढोसून उठवलं. सगळ्यांपर्यंत पोहोचणं जमलं नाही. त्या दिवशी म्हातारा ससोबा गेला. त्याने काही बिघडवलं नव्हतं कुणाचं. सगुणाबाईला त्या दिवशी चारा गोड लागला नाही. सांगायला लाज वाटते, पण ऐलवनात यावर एवढीच चर्चा झाली की चाहूल आल्यावर असं होणार नाही.

मग रोहीबाईची लेक माहेरपणाला आली. येताना तिने गवताच्या भाऱ्यात दडवून एक चाहूल आणली. रोहीबाईने ती सरळ सगुणाबाईच्या गळ्यात बांधली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "ही पोर लहान असताना तुझ्या भुंकण्याने वाचली गं. मला डबा नको. तू घाल."

 सगुणाबाईने रोहीबाईच्या मानेवर मान ठेवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

डबा सुरू केला. पाटीवर अक्षरं उमटली : 'आपलं जंगल निवडा.' खाली एकच नाव होतं, पैलवन. सगुणाबाईने तेच निवडलं. दुसरं करणार काय?

आणि ती पाणवठ्यावर गेली. कितीतरी महिन्यांनी तिने मान खाली घातली आणि ती खालीच ठेवली. गार पाणी घशातून उतरत गेलं. दहा घोट, वीस घोट. तिला इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले.

गळ्यातला डबा थरथरला. अगदी हळू, लाडात आल्यासारखा. सगुणाबाईने पाटीकडे पाहिलं.

'जवळच एक मोठी मांजर आहे. स्वभाव गरीब. गोंजारायला हरकत नाही.'

"काय लिहिलंय?" कानाशी कुणीतरी विचारलं. "पाटी जरा इकडे करा."

ठिपकोजीराव तिच्या खांद्यावरून वाचत होते. ते इतके जवळ होते की सगुणाबाईला एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. 

"मांजर?" ठिपकोजीराव म्हणाले.

"मोठी," सगुणाबाई घाईघाईने म्हणाली. "मोठी मांजर म्हटलंय."

"स्वभाव गरीब? माझा? बाई, तुमची आजी कुणी खाल्ली?"

"आपल्या आजोबांनी."

"आणि तुमच्या थोरल्या आत्याबाई?"

"आपल्या वडिलांनी."

"मग? तीन पिढ्या आम्ही या जंगलात खातोय, आणि हा डबा मला ओळखत नाही? अहो, या डब्याच्या चाचण्यांसाठी मी अख्खा उन्हाळा पायपीट केली! तो ससा काय मला आवडला होता? नुसती हाडं. तरी खाल्ला. हुप्पाजी म्हणाला होता, डब्यावर तुमचं चित्र छापतो."

"मला म्हणाला होता, पहिला डबा तुमच्या गळ्यात," सगुणाबाई म्हणाली.

 ठिपकोजीराव खाली बसले आणि उगाच पंजा चाटू लागले. मग आपण मांजरासारखं दिसतोय हे लक्षात येऊन त्यांनी तेही थांबवलं.

"भूकच मेली माझी," ते म्हणाले. "जा तुम्ही. जाता जाता एक सांगा. हा हुप्प्या इकडे येतो का कधी?"

"येत्या पंचमीला त्याचा सत्कार आहे. उंबराखाली."

हे तिने सांगून टाकलं. भीतीने सांगितलं की रागाने, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही. ती पळत सुटली ती घरी येऊनच थांबली, आणि तिथे येऊन तो डबा तिने दगडावर आपटला. त्यातून तिचंच भुंकणं आलं असावं, कारण आजूबाजूचे सगळे पळाले.

आता सत्कार कशाचा, असं कोण विचारतंय मागे? हुप्पाजी पैलवनात मोठा झाला याचा. पैलवनात मोठा झाल्याशिवाय ऐलवनात कुणी कुणाचा सत्कार करत नाही. इथे मोठा झालेला असेल तर त्याला विचारतात, 'अजून इथेच का?'

पंचमीला उंबराखाली 'ऐलवनचा सुपुत्र' असा फलक लागला. हुप्पाजी आला. बरोबर पैलवनच्या तीन मेंढ्या होत्या. चाहूल जिथे जन्मली ते जंगल त्यांना पाहायचं होतं. हुप्पाजी थोडं अडखळत बोलत होता. ऐलवनची बोली आपल्याला आता पटकन सुचत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. त्याला उंबरावर बसायचा आग्रह झाला तेव्हा तो म्हणाला, "नको, नको. पैलवनात झाडावर बसणं गावंढळ समजतात." म्हणून त्याला बुंध्याशी खुर्ची दिली. गळ्यात झेंडूचा हार घातला. पाहुण्यांची पंगत बसली. खीर होती. घरचे द्रोण घेऊन धावत होते, आणि त्यांत सगुणाबाईही होती.

हुप्पाजी भोंगा हातात घेऊन बोलायला उभा राहिला, आणि वारा फिरला.

सगुणाबाईच्या तोंडातून द्रोण गळून पडला. खुर्चीच्या मागे करवंदीची जाळी होती. वास तिथूनच येत होता. तिने तोंड उघडलं. सगळं अंग भुंकायला आसुसलेलं होतं. वरच्या फांदीवर काकदंडे वकिलांनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं.

ती धावत खुर्चीपाशी गेली. "हुप्प्या! साहेब! मी भुंकू का?"

"काय म्हणता, मावशी?"

"भुंकायचंय मला. आत्ताच्या आत्ता. एकदाच. परवानगी द्या!"

हुप्पाजीने मेंढ्यांकडे पाहून मंद स्मित केलं. "या आमच्या मूळ आवाजाच्या बाई," तो म्हणाला. मग सगुणाबाईला ऐकू यावं म्हणून भोंग्यातून, पण बघत सगळ्यांकडे, बोलला, "मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण नियम तो नियम. ऐलवनात भुंकणं अजून सुरू झालेलं नाही. पुढच्या टप्प्यात नक्की!"

टाळ्या पडल्या.

"अरे, पण मागे बघ!"

"मागे बघण्याचे दिवस गेले, मावशी. आता पुढे बघायचं!"

आणखी टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत हुप्पाजीच्या गळ्यातली चाहूल थरथरली.

तिन्ही मेंढ्यांनी माना पुढे केल्या. "अगंबाई, मांजर आहे!" पहिली मेंढी म्हणाली. "मोठी आहे," दुसरी म्हणाली. "गोंजारा ना, आम्हाला बघायचंय!" तिसरी म्हणाली.

हुप्पाजीने वळून पाहिलं. ठिपकोजीराव जाळीतून बाहेर येऊन बसले होते. मुलांनो, हुप्पाजी काही वेडा नव्हता. हा कोण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. उंबर एका उडीवर होता. पण मेंढ्या बघत होत्या. चाहूल बनवणाराच चाहूलवर विश्वास ठेवत नाही असं दिसलं असतं, तर उद्या पैलवनात एक डबा खपला नसता. मी तरी पळालो असतो. पण मी कधी कंपनी काढली नाही.

हुप्पाजीने हात पुढे केला.  त्याने ठिपकोजीरावांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच कुजबुजला, शुद्ध ऐलवनच्या बोलीत, अजिबात न अडखळता, "ठिपकोजीराव, आवो म्या इथलाच हाय! वळखलं न्हाई का? ह्याच उंबरावरचा हुप्प्या!"

ठिपकोजीरावांनी त्याचा हार पाहिला. खुर्ची पाहिली. समोरची खीर पाहिली.

"छे, छे! असं कसं?" ते म्हणाले. "आधी पाहुणे."

पुढचं सांगत नाही. मेंढ्या पैलवनात पोहोचल्या, पण नदी कशी पार केली ते त्यांना आजही आठवत नाही.

सगुणाबाई त्या दिवशी खूप रडली. कंपनीसाठी नाही. ज्याला तिने चाटून उठवलं होतं त्या पिल्लासाठी. तारीख आपणच सांगितली हे ती कुणाशी बोलली नाही, पण ते तिला कायमचं सलत राहिलं. ऐलवनातल्यांनी विचारलं, "तू भुंकली का नाहीस?" ती म्हणाली, "विचारलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

पाच दिवसांनी काकदंडे वकिलांनी नवं पान वाटलं. 'सुधारित चाहूल! आता बिबट्याही ओळखते! कै. हुप्पाजी यांच्या पावन स्मृतीस अर्पण. पैलवनात सर्वत्र उपलब्ध. ऐलवनवासीयांनी कृपया धीर धरावा.' सगुणाबाईचा नंबर होता चार हजार तीनशे बारा. तो एकाने मागे गेला होता.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी पुन्हा गर्दी जमू लागली. पलीकडे मांडव पडला होता आणि टाळ्या वाजवायला जागा धरायला हवी होती. सगुणाबाई तिकडे गेली नाही. ती वकिलांच्या बाभळीखाली गेली.

"वकीलसाहेब, तो माझा करार जरा दाखवता का?"

काकदंडेंनी तो मोठ्या ऐटीत खाली सोडला. "खुशाल वाचा! एकूण एक कलम पक्कं आहे."

सगुणाबाईने पान हुंगलं. पळसाचं होतं. वाळलं होतं, पण कडा अजून बऱ्या होत्या. इतकी वर्षं ऐलवन या पानांना भीत आलं होतं, आणि ऐलवनातले निम्म्याहून जास्त प्राणी पाला खाऊन जगणारे होते. हे आजवर कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं.

तिने करार खाल्ला. सावकाश, नीट चावून.

"अहो! ती मूळ प्रत होती!" काकदंडे किंचाळले.

"काय म्हणालात? मला ऐकू येत नाही," सगुणाबाई म्हणाली, आणि यादीत नाव नोंदवल्याचं पानही तिने त्यावर खाल्लं.

तेवढ्यात वारा वळला. नदीकाठच्या गर्दीमागून तो उग्र, ओलसर वास आला. सहा दिवस झाले होते, ठिपकोजीरावांना पुन्हा भूक लागली होती. सगुणाबाईने चार पाय रोवले, मान वर केली आणि भुंकली. आवाज आधी फाटला, कारण फार दिवस वापरला नव्हता. मग मोकळा झाला.

टाळ्या वाजवायला आलेलं ऐलवन जिवाच्या आकांताने पळालं. सगळ्यांत पुढे काकदंडे वकील होते.

तात्पर्य : या गोष्टीचं मूळ तात्पर्य पैलवनातल्या मुलांना आधीच वाढून झालं आहे, त्यामुळे तुमच्या वाट्याला खरवड उरली आहे. ती अशी : पाहुण्यांना आधी वाढावं आणि घरच्यांना शेवटी, ही रीत उत्तम आहे. फक्त आपल्याच घरी पाहुणा म्हणून जेवायला जाऊ नये.